बाजरीला काय लागते?

कोरडवाहू पट्ट्यात बाजरीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर पडते: ‘तिला काय लागतंय, दोन पाऊस झाले की येते.’ शेतकरी हे कौतुकाने म्हणतो आणि त्यात तथ्यही आहे. पण हेच वाक्य पुढे सगळ्यांच्याच अंगवळणी पडले. कणखर पीक म्हणून बाजरीच्या वाट्याला उरलीसुरली बरड जमीन आली, कांद्या-कपाशीला देऊन शिल्लक राहिले तर खत आले आणि बाकीची कामे उरकल्यावर सवड मिळाली तर कोळपणी आली. गेल्या साठ वर्षांत या पिकाचे काय झाले ते पाहिले, की या समजुतीची किंमत किती मोजावी लागली ते कळते. बाजरीला फार काही लागत नाही हे खरे; पण जे लागते ते अगदी नेमके आणि वेळेवर लागते.

हे पीक मूळचे आफ्रिकेतले. सहाराच्या दक्षिणेला असलेल्या साहेल पट्ट्यात, आजच्या माली देशाच्या परिसरात, साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या सुमारास ते माणसाळले आणि तिथून काही शतकांतच भारतात पोहोचले. वाळू, ऊन आणि बेभरवशाचा पाऊस यांच्यातच त्याची घडण झाली. मका, ज्वारी, ऊस यांच्याप्रमाणे बाजरीही सी-४ गटातली वनस्पती आहे, म्हणजे कडक उन्हात कमी पाण्यावर अन्न तयार करण्याची सोय तिच्या पानांतच आहे. तिची मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी खुबी मात्र फुटव्यांत आहे. मुख्य ताट निसवायच्या वेळी पावसाने ओढ दिली आणि त्याचे कणीस फुकट गेले, तरी मागून आलेले फुटवे नंतरच्या पावसावर कणसे धरतात. सगळा डाव एका वेळेवर लावायचा नाही, ही या रोपाची रीत. पीक सुधारताना माणसाने नेमकी हीच रीत सोडली, आणि तिथूनच पुढचा त्रास सुरू झाला.

१९६० च्या दशकापर्यंत देशात बाजरीचे हेक्टरी उत्पादन तीन-साडेतीन क्विंटलच्या आसपास घुटमळत होते. बाजरीत परागीभवन वाऱ्याने होते आणि एकाच कणसात आधी स्त्रीकेसर, मग पुंकेसर बाहेर येतात. त्यामुळे संकर नैसर्गिकरीत्या सतत होत असतो. पण हवा तोच संकर मोठ्या प्रमाणावर घडवायचा, तर परागकण न धरणारी मादी-ओळ हाताशी लागते. ती अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन इथे ग्लेन बर्टन यांनी तयार केली. तिचे नाव टिफ्ट २३ए. ती भारतात आली, लुधियानाच्या कृषी विद्यापीठात दिलबागसिंग अठवाल यांनी तिचा स्थानिक नर-ओळीशी संकर केला आणि १९६५ मध्ये एचबी-१ हे पहिले संकरित वाण प्रसारित झाले. गावरान बाजरीच्या जवळपास दुप्पट उत्पादन देणारे हे वाण होते. पाठोपाठ एचबी-५ पर्यंतची मालिका आली. त्यातले एचबी-३ लवकर तयार होणारे, म्हणून कोरडवाहू भागात झपाट्याने पसरले. १९७०-७१ मध्ये पाऊस चांगला झाला आणि देशाचे बाजरीचे उत्पादन ८० लाख टनांवर गेले.

पुढच्या तीन-चार वर्षांत ते निम्म्याहूनही खाली आले. दुष्काळ होताच, महाराष्ट्र तर १९७२ कधीच विसरणार नाही. पण दुष्काळाच्या जोडीने दुसरा घाला पडला तो गोसावी रोगाचा. काही भागांत त्याला केवडा असेही म्हणतात.

हा रोग एकदा जवळून पाहिला की विसरता येत नाही. रोप वीतभर असतानाच पाने बुडाकडून फिकट, पिवळसर-पांढरी पडू लागतात. सकाळी लवकर, दव असताना पान उलटून पाहिले तर खालच्या बाजूला पांढऱ्या पावडरीसारखी बारीक लव दिसते. रात्रीच्या गारव्यात आणि दमटपणात बुरशीने धरलेले ते बीजाणू असतात आणि पहाटेच्या वाऱ्याबरोबर शेजारच्या रोपांवर जातात. रोप जगलेच तर पोटरीतून कणसाऐवजी हिरव्या पानांचा झुबका बाहेर येतो. दाण्याच्या प्रत्येक जागेचे एक वेडेवाकडे पान झालेले असते. बुरशीचे दुसऱ्या प्रकारचे, जाड कवचाचे बीजाणू पाल्याबरोबर जमिनीत पडतात आणि तिथे कित्येक वर्षे जिवंत राहतात. शेतात एकदा गोसावी शिरला, की एका हंगामात तो जात नाही.

संकरित वाण इतक्या सहज का बळी पडले? सुरुवातीला संशय टिफ्ट २३ए च्या पेशीद्रवावर होता. त्याच सुमारास अमेरिकेत मक्यावर करप्याची साथ आली होती आणि तिचे मूळ मादी-ओळीच्या पेशीद्रवातच सापडले होते, त्यामुळे हा संशय साहजिक होता. पुढच्या तपासात बाजरीचा पेशीद्रव निर्दोष ठरला. दोष एकसारखेपणाचा होता. लाखो हेक्टरवर एकाच आईची लेकरे उभी होती आणि त्या आईत गोसावीला अटकाव करणारे जनुक नव्हते. गावरान बाजरीच्या शेतात प्रत्येक ताट थोडे वेगळे असते. दहा ताटे रोगाने गेली तरी नव्वद उभी राहतात. संकरिताच्या शेतात बुरशीला एका ताटाची किल्ली सापडली की सगळी शेते उघडतात.

हा धडा आपण एका फटक्यात शिकलो नाही. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात बीजे-१०४ आणि बीके-५६० ही दोन वाणे जोरात चालली. नावे दोन, पण दोघांची मादी एकच, ५१४१ए. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत दोन्ही गोसावीपुढे आडवी झाली. कमी मेहनतीत यश मिळाले की त्याच ओळीचा पुन्हा पुन्हा वापर करण्याचा मोह पैदासकारालाही होतो आणि बियाणे कंपनीलाही. शेतकऱ्याच्या हातात तर निवडच नसते, कारण पिशवीवरच्या नावांमागची वंशावळ त्याला कोणी सांगत नाही. माझ्या मते बाजरीच्या संरक्षणातली ही आजही न बुजलेली फट आहे. तालुक्यात विकल्या जाणाऱ्या पंधरा-वीस वाणांमागे प्रत्यक्षात किती वेगवेगळ्या मादी-ओळी आहेत, हे कृषी खात्याने दरवर्षी जाहीर करायला हवे. विम्याचा हप्ता ठरवण्याइतकीच ती गरजेची माहिती आहे.

त्यानंतरचे काम मात्र समाधान वाटावे असे आहे. १९७२ मध्ये हैदराबादजवळ पाटणचेरू इथे इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था उभी राहिली आणि बाजरी तिच्या मुख्य पिकांपैकी एक झाली. आफ्रिकेतून आणि भारतातून गोळा केलेले बाजरीचे वीस हजारांहून अधिक नमुने आज तिच्या जनुकपेढीत आहेत. तिथे गोसावीग्रस्त रोपांच्या मधोमध नव्या ओळी पेरून त्यांची परीक्षा घेण्याची पद्धत बसवली गेली. १९८२ मध्ये डब्ल्यूसी-सी७५ हे खुल्या परागीभवनाचे सुधारित वाण आले. वाणातच पुरेशी विविधता असल्याने ते रोगापुढे वर्षानुवर्षे टिकले. हरियाणात १९९० मध्ये आलेले एचएचबी-६७ हे संकरित वाण ६०-६५ दिवसांत तयार होणारे, त्यामुळे कमी पावसाच्या भागात लोकप्रिय झाले. गोसावी त्याच्याही दारात येऊन उभा राहिला, तेव्हा शास्त्रज्ञांनी जनुकीय खुणांच्या साहाय्याने त्याच्या नर आणि मादी ओळींत रोगप्रतिकारक जनुके आणली आणि २००५ मध्ये ‘एचएचबी-६७ सुधारित’ दिले. सार्वजनिक संस्थांनी या तंत्राने शेतापर्यंत पोहोचवलेल्या देशातल्या पहिल्या वाणांत त्याची गणना होते. शेतकऱ्याला आवडलेले वाण न बदलता त्याची फक्त कमजोर बाजू दुरुस्त करायची, ही दिशा मला फार योग्य वाटते. २०१७ मध्ये बाजरीचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला, त्यामुळे हे काम आणखी नेमकेपणाने करता येईल. वाचनासाठी निवडलेली ओळ टिफ्ट २३ च्याच कुळातली होती.

महाराष्ट्रात हे काम राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ, त्याचे धुळ्याचे बाजरी संशोधन केंद्र आणि छत्रपती संभाजीनगर इथले परभणी विद्यापीठाचे केंद्र करतात. श्रद्धा, सबुरी, शांती, आदिशक्ती ही नावे नगर-नाशिकच्या शेतकऱ्याला परकी नाहीत.

गोसावीखालोखाल महत्त्वाचा रोग म्हणजे अरगट. त्याची गोष्ट फुलोऱ्याच्या चार-पाच दिवसांत घडते. कणीस पोटरीतून बाहेर पडले की आधी पांढरे, केसासारखे स्त्रीकेसर दिसू लागतात. त्यांच्यावर परागकण पडला की काही तासांत ते कोमेजतात आणि दाण्याकडे जाणारी वाट बंद होते. परागकण वेळेवर मिळाला नाही, तर उघड्या राहिलेल्या त्याच वाटेने अरगटाची बुरशी आत शिरते. म्हणून फुलोऱ्यात झडीचा पाऊस आणि ढगाळ हवा असली की हा रोग बोकाळतो. कणसावर मधासारखे चिकट थेंब दिसतात, मुंग्या-माश्या घोंगावतात आणि पुढे दाण्याच्या जागी काळपट, कठीण गाठी तयार होतात. त्या विषारी असतात. धान्यात मिसळून पोटात गेल्या तर मळमळ, ओकारी, चक्कर येते.

यावरचा उपाय घरच्या बादलीत होतो. दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवायचे आणि पेरायचे बियाणे त्यात ओतून ढवळायचे. हलके, पोकळ दाणे आणि अरगटाच्या गाठी वर तरंगतात. त्या काढून जाळून टाकायच्या. तळाशी बसलेले बियाणे दोन-तीनदा साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचे. मग गोसावीसाठी किलोला ६ ग्रॅम मेटॅलॅक्झिल (३५ एसडी) चोळायचे आणि पेरणीच्या तोंडावर अ‍ॅझोस्पिरिलमसारख्या जिवाणू संवर्धकाची प्रक्रिया करायची. हेक्टरी बियाणे लागते तीन-चार किलो, म्हणजे एकराला दीड किलोच्या आसपास. एवढ्याशा बियाण्याला एवढीशी प्रक्रिया, पण घरी राखलेले किंवा शेजाऱ्याकडून आणलेले बी असेल तिथे नेमकी हीच राहून जाते. कंपनीचे बियाणे बहुधा प्रक्रिया करूनच येते, तेव्हा पिशवीवरची सूचना वाचावी आणि तेच औषध दुसऱ्यांदा लावू नये.

बाकी रोग-किडींचा पसारा थोडक्यात सांगतो. काणी आणि तांबेरा जुनेच आहेत. गेल्या काही वर्षांत पानांवर करड्या ठिपक्यांचा करपा, म्हणजे ब्लास्ट, वाढतो आहे आणि पैदासकारांना आता गोसावीइतकीच त्याचीही काळजी घ्यावी लागते. खोडमाशीला टाळायचे तर पेरणीला उशीर करू नये. हलक्या जमिनीत हुमणी मुळे कुरतडते आणि फुलोऱ्यात हिंगे परागकण खातात. २०१८ पासून मक्यावर आलेली अमेरिकन लष्करी अळी शेजारच्या बाजरीवरही सापडते. पक्ष्यांचा त्रास पूर्वी गोफणीने आवरला जाई. आता राखणीला माणूस मिळत नाही, म्हणून कणसावर केसाळ कुसळे असलेली वाणे मागितली जातात. गावात बाजरी फक्त दोन-चार शेतांत उरली, तर सगळे थवे तिथेच उतरतात. पेरा कमी होण्यामागे हेही एक कारण आहे आणि ते कोणत्याही आकडेवारीत येत नाही.

आता पाण्याकडे वळू. महाराष्ट्रातली बाजरी प्रामुख्याने सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे: येवला, नांदगाव, मालेगाव, धुळ्याचा काही भाग, पाथर्डी, शेवगाव, बीडचा पश्चिम भाग, माण-खटाव, आटपाडी, जत. इथे पाऊस एकूण किती पडतो यापेक्षा दोन पावसांमध्ये किती खंड पडतो यावर पीक ठरते. सर्वांत घातक खंड म्हणजे निसवण्यापासून दाणा भरेपर्यंतचा. या शेवटच्या ताणात तग धरणाऱ्या ओळींचा इक्रिसॅटमध्ये बारकाईने अभ्यास झाला, तेव्हा एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली. या ओळी ताण पडल्यावर काही विशेष करत नाहीत. त्या आधीच, जमिनीत भरपूर ओल असतानाच, काटकसर करतात. दुपारी हवा फार कोरडी झाली की पानांची रंध्रे थोडी मिटून घेतात, पाणी कमी उडवतात आणि वाचलेली ओल दाणा भरताना वापरतात. या गुणाशी निगडित जनुकांचा पट्टा बाजरीच्या दुसऱ्या गुणसूत्रावर सापडला असून तो चांगल्या वाणांत आणण्याचे काम झाले आहे. मात्र यात एक अडचण आहे. काटकसरी ओळी चांगल्या पावसाच्या वर्षी थोड्या मागे राहू शकतात. वाणांची चाचणी बहुतेकदा संशोधन केंद्रावरच्या बऱ्या जमिनीत होते आणि तिथे जास्त उत्पादन देणारे वाण पुढे जाते. माण तालुक्यातल्या मुरमाड शेतात जे टिकेल ते अशा परीक्षेत नापास होऊ शकते. बाजरीच्या अखिल भारतीय संशोधन प्रकल्पाने चारशे मिलिमीटरहून कमी पावसाचा वायव्येकडचा भाग म्हणून वेगळा विभाग पाडला आहे. दक्षिणेचा सगळा प्रदेश मात्र अजून एकाच विभागात मोडतो. नगरच्या पूर्व भागाला आणि दक्षिणेतल्या चांगल्या पावसाच्या भागाला एकच मोजपट्टी लावणे मला पटत नाही.

शेतातल्या उपायांची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. १९२३ मध्ये पुण्याजवळ मांजरीला कोरडवाहू शेतीचे पद्धतशीर प्रयोग सुरू झाले आणि १९३३ मध्ये सोलापूरला स्वतंत्र केंद्र आले. बांधबंदिस्ती, दोन-तीन वर्षांतून एकदा खोल नांगरट, शेणखत, विरळ पेरा, वारंवार कोळपणी, हे त्या काळच्या ‘मुंबई पद्धती’चे सूत्र होते. ते मुख्यतः रब्बी ज्वारीसाठी बसवले होते, पण बाजरीलाही तंतोतंत लागू पडते. त्यातली विरळणी मी सर्वांत वर ठेवीन. पाभरीने पेरलेली बाजरी उगवते दाट. दोन-तीन आठवड्यांत ओळीतल्या दोन रोपांत साधारण अर्धी वीत अंतर राहील इतकी रोपे उपटली नाहीत, तर ती सगळी मिळून ओल संपवतात आणि दाणा कुणाच्याच पदरी पडत नाही. पावसाच्या उघडिपीत हीच उपटलेली रोपे लावून नांग्या भरता येतात. विरळणीला मजुरी लागते आणि भाव नसलेल्या पिकावर मजुरी घालायला कोणी तयार होत नाही. त्यामुळे हे जवळजवळ बिनखर्चाचे काम आता सर्वांत महाग झाले आहे. विरळणीसाठी रोजगार हमीतून मजुरी देता येईल का, याचा विचार व्हायला हरकत नाही.

खताच्या बाबतीत हलक्या जमिनीला हेक्टरी ४० किलो नत्र, २० स्फुरद, २० पालाश ही शिफारस आहे. अर्धे नत्र पेरताना आणि अर्धे महिन्याने, तेही ओल असली तरच द्यावे. दोन ओळी बाजरीच्या आणि एक तुरीची हा जोड उत्तम. बाजरी अडीच-तीन महिन्यांत निघते आणि तूर परतीच्या पावसावर उभी राहते. मटकीचे आंतरपीक हलक्या रानात जमीन झाकून ठेवते. सरमाडाचा हिशोबही विसरू नये. ज्याच्या दावणीला दोन जनावरे आहेत, त्याला उंच आणि भरपूर पाल्याचे वाण हवे असते. ठेंगणे, फक्त दाण्याचे वाण तो नाकारतो, यात त्याचा अडाणीपणा नाही, शहाणपण आहे.

दाण्याच्या पोषणाबाबत मात्र महाराष्ट्राला खरोखर अभिमान वाटावा असे काम झाले आहे. १९८८ मध्ये आयसीटीपी-८२०३ हे वाण प्रसारित झाले. ते पश्चिम आफ्रिकेतल्या टोगोच्या गावरान बाजरीतून निवडलेले, टपोऱ्या दाण्याचे आणि आपल्याकडे चांगले रुळलेले वाण. त्याच्याच पोटातून जास्त लोहाची ताटे निवडून इक्रिसॅट आणि राहुरी विद्यापीठ यांनी धनशक्ती तयार केले. २०१२ मध्ये ते महाराष्ट्रात आले. किलोला सुमारे ७१ मिलिग्रॅम लोह आणि ४० मिलिग्रॅम जस्त असलेले हे देशातले पहिले लोहसमृद्ध बाजरीचे वाण. ग्रामीण महाराष्ट्रातल्या १२ ते १६ वर्षांच्या २४६ मुलामुलींना या बाजरीची भाकरी रोज दिली, तेव्हा चार महिन्यांत त्यांच्या शरीरातला लोहाचा साठा वाढलेला दिसला. हे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. २०१८ पासून तर बाजरीचे कोणतेही नवे वाण प्रसारित व्हायचे असेल तर किलोला किमान ४२ मिलिग्रॅम लोह आणि ३२ मिलिग्रॅम जस्त असण्याची अट आहे. पोषण हा उत्पादनाइतकाच महत्त्वाचा निकष ठरला, ही गोष्ट मला कोणत्याही ‘भरडधान्य वर्षा’पेक्षा मोठी वाटते. शिवाय धनशक्ती संकरित नाही. आसपास दुसरी बाजरी नसेल अशा रानात निवडक कणसांचे बी राखून शेतकरी ते दोन-तीन वर्षे चालवू शकतो.

आणि तरीही पेरा घटतोच आहे. राज्यात एकेकाळी पंधरा लाख हेक्टरांहून जास्त असलेले क्षेत्र आता त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास उरले आहे. येवला-मालेगावकडे कोंबडीखाद्यासाठी मका आला, बीड-जालन्यात कपाशी आणि सोयाबीन आले. २०२५-२६ साठी बाजरीचा हमीभाव क्विंटलला २,७७५ रुपये होता, पण आपल्याकडे सरकारी खरेदी नाममात्र. काढणीच्या वेळी आवक एकदम होते आणि पावसात भिजलेला, काळवंडलेला माल घेऊन शेतकरी व्यापाऱ्यासमोर उभा असतो.

शहरात बाजरीची मागणी वाढावी म्हणून बरेच बोलले जाते. तिथली खरी अडचण पिठाची आहे. बाजरीत स्निग्धांश जास्त, पाच-सहा टक्के. दळले की विकरे त्याचे विघटन सुरू करतात आणि आठ-दहा दिवसांत पीठ कडवट होते. भोगीला तीळ लावलेली भाकरी आवडीने खाणाऱ्या पुण्या-मुंबईच्या घरात आठवड्याला ताजे दळून आणणारे कोणी उरलेले नाही आणि दुकानातली पिशवी महिनाभर टिकत नाही. २०२२ मध्ये इक्रिसॅटच्या शास्त्रज्ञांनी ही विकरे निकामी झालेल्या बाजरीच्या ओळी आणि त्यामागची जनुके प्रसिद्ध केली. अशा ओळींचे पीठ कितीतरी उशिरा खवट होते. हा गुण धनशक्तीसारख्या वाणात, गोसावीच्या प्रतिकारासह आणि हलक्या रानातल्या चाचणीत उतरून आला, तर गिरणीवाला महिन्याचा साठा करू शकेल आणि दुकानदार बाजरीचे पीठ फळीवर ठेवायला कचरणार नाही. तोवर शासनाने एवढे तरी करावे: बाजरी पिकणाऱ्या तालुक्यांतल्या आश्रमशाळा आणि अंगणवाड्यांसाठी धान्य तिथल्याच शेतकऱ्यांकडून, हमीभावाने आणि दाण्याच्याच रूपात घ्यावे आणि लागेल तसे गावातल्या चक्कीवर दळून द्यावे. त्यासाठी नवे वाण लागत नाही, नवे यंत्र लागत नाही. खरेदीचा आदेश मात्र मृगाच्या आधी निघायला हवा, म्हणजे पेरणाऱ्याला तो कळेल.